दिवे पुढचे, इशारा डावीकडचा

इंजिन बंद पडलं की माणसं लांबूनच हळहळतात. दिवा लागेना म्हटलं की मात्र जाणारा-येणारा थांबून बोनेटमध्ये हात घालतो. घरचा बल्ब प्रत्येकानं कधी ना कधी बदललेला असतो ना!

माझ्या मेव्हण्याची पिकअप रात्री गडहिंग्लजहून भाजी भरून सावंतवाडीला उतरते. पावसाळ्यात आंबोली घाटात अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच. धुक्यातले थेंब आपलाच उजेड आपल्या डोळ्यांत परत फेकतात. म्हणून फॉग लाइट खाली, बंपरपाशी लावायचे. त्यांचा झोत रुंद आणि वरून कापलेला, नजरेखालून जाऊन रस्त्याची कड दाखवणारा. मेव्हण्याला ते केबिनच्या टपावर हवे होते. त्याच्या ताईनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, डोळे वटारले तेव्हा कुठं ते खाली आले.

रंग मात्र पिवळाच. पिवळा धुकं कापतो म्हणे! धुक्याचा थेंब प्रकाशलहरीच्या मानानं एवढा मोठा असतो की सगळे रंग तो सारखेच उधळतो. फ्रान्सनंसुद्धा पिवळ्या हेडलाइटची सक्ती १९९३ साली सोडली, असं मी समजावू लागलो.

"दाजी, फ्रान्सात आंबोली हाय काय?"

यावर मी काय बोलणार?

दिवे बसले. बटण दाबलं, रिले 'टक्' वाजला, आणि फॉग लाइट ठार काळे. उलट डाव्या बाजूचे पुढचे-मागचे इंडिकेटर मंद पेटून राहिले. घाटात ही गाडी डावीकडे, म्हणजे दरीत, वळायची इच्छा जाहीर करणार!

निदानं सुरू झाली. बल्ब गेला. बॅटरी बसली. फ्यूज वाढवा, पंधराचा तीसचा करा. (पंचावन्न वॅटचे दोन दिवे मिळून जेमतेम नऊ-साडेनऊ अँपिअर ओढतात. तीसचा फ्यूज म्हणजे आधी वायर जळणार, मग फ्यूज.) एका काकांनी लिंबू-मिरची सुचवली. इतरांच्या मानानं तो सल्ला निरुपद्रवी होता.

शेवटी वायरिंगवाला आला. टेस्टरचा चिमटा बॅटरीच्या मायनसला, टोक दिव्याच्या प्लसला. लख्ख! म्हणजे करंट येत होता, परत जायला वाट नव्हती. दोन्ही दिव्यांच्या आणि डाव्या इंडिकेटरच्या काळ्या तारा एकाच स्क्रूखाली आवळल्या होत्या. स्क्रू नवा, चकचकीत, पण लगखाली ब्रॅकेटचा काळा रंग जसाच्या तसा. करंटनं मग इंडिकेटरच्या बल्बातून आडवाट काढली होती. वायरिंगवाल्यानं पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं, स्क्रू आवळला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. दिवे असे पेटले की समोरच्या पानटपरीवाल्यानं डोळ्यांवर हात धरला.

परवा मेव्हण्यानं गाणारा रिव्हर्स हॉर्न आणलाय. त्याची काळी तार हातात घेऊन तो त्याच स्क्रूकडे बघत उभा होता.

"दाजी, हितं अजून एक बसंल न्हवं?"