शेरा : समाधानकारक

साहेब येणार, हे शाळेला आठवडाभर आधी कळतं. मग दारात रांगोळी येते, कपाटातले तक्ते भिंतीवर येतात आणि खिचडीत चक्क भाजी येते. तपासणीने शाळा सुधारत नाही असं कोण म्हणतं? एक दिवस तर सुधारतेच.

साहेब हजेरीपट बघतात, पोषण आहाराची नोंदवही बघतात, टाचणवही चाळतात. जाता जाता एखाद्या पोराला तेराचा पाढा विचारतात. आला तर शाळा चांगली, अडखळला तर मास्तर वाईट. मग चहा. मग शेरेबही.

‘परिसर स्वच्छ. प्रगती समाधानकारक. गुणवत्तावाढीसाठी प्रयत्न करावेत.’

कुठले प्रयत्न? ते साहेबांना विचारायचं नसतं.

२०१५ साली शाळांच्या मूल्यमापनाची ‘शाळासिद्धी’ आली. ७ क्षेत्रं, ४६ मानकं. शाळेने आधी स्वतःच स्वतःला जोखायचं, बाहेरच्यांनी नंतर पडताळायचं. आपला पेपर आपणच तपासायचा म्हटल्यावर नापास कोण होणार?

इंग्लंडचं दुसरं टोक. तिथे ‘ऑफस्टेड’ ही शाळा तपासणारी सरकारी यंत्रणा अख्ख्या शाळेचा निकाल एका शब्दात लावायची. २०२३ च्या जानेवारीत रेडिंगच्या एका मुख्याध्यापिकेने जीव दिला. त्याला तपासणीचाही हातभार लागला, असं न्यायचौकशीत नोंदलं गेलं. २०२४ मध्ये तो एकशब्दी शेरा गेला.

आपल्याकडे शेऱ्याने कुणाचं काही बिघडत नाही. घडतही नाही.

मग तपासणी बंदच करावी? मुळीच नको. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट, आठवा. तिथल्या विस्तार अधिकारी बाई शेरे मारून निघून गेल्या नाहीत. मूल शिकतं कसं, हे त्यांनी शिक्षकांच्या बरोबरीने बसून पाहिलं आणि शिकवण्याची रीतच बदलायला घेतली. फरशीवर अंक-अक्षरं आली, पोरं गटागटाने शिकू लागली. राज्यभरचे गुरुजी गाड्या करून बघायला गेले.

परत येऊन बऱ्याच जणांनी काय केलं? फरश्या रंगवल्या.

हे बरोबर बसण्याचं काम खरं तर केंद्रप्रमुखांचं. हाताशी दहाएक शाळा, ओळखीचे शिक्षक, वर्गात मागच्या बाकावर बसायची मुभा. पण कित्येक पदं वर्षानुवर्षं रिकामी, आणि भरलेली आहेत ती व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तात्काळ माहिती पाठवा’ टाकण्यात गुंतलेली.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुम्ही त्यातले असाल तर पुढच्या बैठकीत शेरेबही मागा. गेल्या वेळच्या शेऱ्यावर काय झालं, एवढंच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चहा घेऊ नका.