स्टेशनपासून दहा मिनिटं

आमच्या आणि वहिनींच्या बंगल्यांमध्ये छातीएवढी भिंत आहे. पूर्वी काटेरी तार होती. तिच्यात दोघींचे पदर फाटले, मग दोन्ही घरच्या पुरुषांनी वर्गणी काढून विटा रचल्या. बदलापूर पूर्वेला, कुळगावात, अशा भिंती आता मोजक्याच उरल्यात. आजूबाजूचे सगळे सात-सात मजले चढले. सातव्या मजल्याशी बोलायचं तर मोबाइल लागतो, भिंतीला नुसतं कोपर टेकलं की पुरतं.

परवा रविवारी दिवेलागणीला तिकडून हाक आली, "काकू, आहाऽत का?" ह्या हाकेचे दोन प्रकार आहेत. साखर-विरजणाची असेल तर आखूड असते. अशी लांबली की समजायचं, पोटात काहीतरी साठलंय आणि ते भिंतीवर ओतल्याशिवाय आज कुकर चढणार नाही. मी गॅस बारीक नाही केला, बंदच केला.

"बोला. सकाळी आठला गाडी निघाली ती आत्ता आलीय. लग्नाला म्हणावं तर अंगावर पैठणी नव्हती."

"तुमचं लक्ष असतं हो!"

"लक्ष कसलं, तुळशीला पाणी घालत होते."

"घरं बघायला गेलो होतो, घोडबंदर रोडला." मग आवाज खाली आला. "पोरांचं ठरलंय. पिल्लूची शाळा सुरू व्हायच्या आत जायचं म्हणतात."

मुलगा ऐरोलीला, सून परळला. सकाळी साडेसहाला दोघं बाहेर पडतात, रात्री साडेआठच्या पुढे घरात येतात. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट मिळाली तरी दीड तास. त्यात कल्याणच्या पुढे आपल्या बाजूला गाड्या कमी, एक चुकली की फलाटावर उभं राहून जाहिराती पाठ करायच्या. परवा नातीनं आजीलाच 'आई' अशी हाक मारली आणि सूनबाईंनी रात्री डोळे पुसले म्हणे. हे वहिनींनी मला सांगितलेलं नाही, भांडीवाल्या मावशींनी सांगितलं. म्हणून मी तो विषय काढला नाही.

"मग, कसं काय घोडबंदर?"

"सव्विसाव्या मजल्यावरून खाडी दिसते."

"आणि?"

"आणि काय? खाडीच दिसते." वहिनी भिंतीवर नीट रेलल्या. "सॅम्पल फ्लॅट दाखवला. काय तो थाट! पण काकू, मला पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं. खोली मोठी दिसते, तरी जीव गुदमरतो. म्हटलं, बघू तरी. पलंगावर आडवी झाले."

"तिथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय! पाय बाहेर. माझी उंची ती केवढी, पाच फूट एक इंच! म्हणजे पलंगच खास आखूड करून घेतलेला. मग उठून बघितलं तर खोल्यांना दारंच नाहीत. दार नसलं की खोली मोठी वाटते. कपाटं वीतभर खोल, त्यात हँगर तिरका लावावा लागेल. मी विती टाकून मोजलं. माझी वीत आठ इंचांची, शाळेत शिवण शिकवायचे ना. तो सेल्सचा मुलगा म्हणाला, 'आंटी, कार्पेट एरिया ब्रोशरमध्ये आहे.' मी म्हटलं, बाळा, तो तर कायद्यानंच द्यावा लागतो, उपकार नाही केलेस."

हे मात्र खरं. पूर्वी जिना, लॉबी, लिफ्ट, सगळं आपल्या पदरात मोजून 'सुपर बिल्टअप' नावाचा फुगा विकायचे. रेरा कायदा २०१६चा, आपल्याकडे महारेरा १ मे २०१७पासून. तेव्हापासून विक्री कार्पेटवर करायची. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. ही माहिती माझी नाही, आमच्या ह्यांची. निवृत्तीनंतर पुरुषांना असं काहीतरी पाठ करायला लागतं.

"आणि रस्ता?" मी विचारलं.

"रविवार होता, म्हणून सुसाट गेलो. पण मी खालच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, 'बाई, सोमवारी या. न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर ह्याच रस्त्यानं. गायमुखच्या घाटात एक बंद पडला की इथपर्यंत रांग.' मेट्रोचे खांब आहेत उभे. ब्रोकर म्हणतो, मेट्रो आली की सगळं सुटेल."

"वहिनी, ब्रोकरच्या भूगोलात दोनच काळ असतात. भाव वर्तमानकाळातला आणि रस्ता भविष्यकाळातला. आपल्याकडे काय वेगळं आहे? कात्रपच्या त्या नव्या इमारतीच्या फलकावर आत्ताच मेट्रो लावलीय. कांजूरमार्ग ते बदलापूर, मेट्रो चौदा! अजून एक खांब नाही, पण चौरस फुटाला दर वाढवून मोकळे."

"आणि स्टेशनपासून दहा मिनिटं!"

"कुणाची दहा मिनिटं?" मी म्हटलं. "ब्रोकरची. रविवारी सकाळी अकराला, बाइकवर, मागे कुणी नाही. आपली दहा मिनिटं वेगळी. रात्री साडेआठ, धो-धो पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्यात भाजी, आणि शेअर रिक्षाच्या रांगेत आपला नंबर सतरावा. त्या दहा मिनिटांची चाळीस होतात."

वहिनी हसल्या, पण लगेच गप्प झाल्या. त्यांच्या डोक्यात अजून एक होतं.

"मुलाला डोंबिवली बरी वाटतेय. अठ्ठेचाळीस किलोमीटर. सुनेला परळ एका गाडीत, ह्याला ठाण्याला बदललं की ऐरोली. शाळा आहेत, डॉक्टर आहेत, फडके रोड आहे."

"दिवाळीच्या पहाटे फडके रोडला मिरवायला बरं. पण घर फडके रोडला घेताय का?"

"तिथे कुठलं परवडतंय! बाहेर, सत्तावीस गावांच्या बाजूला बघितलं. निम्म्या किमतीत. नवीकोरी इमारत, लिफ्ट, पार्किंग."

मी भिंतीवरचा हात काढला. "निम्म्या किमतीत म्हटलं की आधी कागद. वर्तमानपत्रात वाचलंत ना? कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती. बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवलेले. लोकांनी नंबर बघितला, बँकांनी कर्ज दिलं, माणसं राहायला आली, आणि २०२४मध्ये हायकोर्टानं पाडायचे आदेश दिले. बिल्डरनं पैसे घेतले, रस्त्यावर कोण आलं?"

"मग नंबर असून काय उपयोग?"

"नंबर म्हणजे पत्रिका. पत्रिका जुळली म्हणून चौकशी सोडतो का आपण? तो नंबर महारेराच्या साइटवर घालून बघायचा. बांधकाम परवानगी खरंच दिलीय का, ते महापालिकेत जाऊन विचारायचं. सात-बारावर कुणाचं नाव, जमीन बिगरशेती झालीय का, ते बघायचं. वकील आपला करायचा, बिल्डरनं सुचवलेला नाही. आणि भोगवटा दाखला आलेला असेल तर सोन्याहून पिवळं. त्यावर जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेलं, ४५ लाखांच्या वरचं घर घेतलंत तर पाच टक्के जातात."

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"हे रोज जेवताना सांगतात. मी वरणाकडे बघून 'हं' म्हणते, पण कानात जातंच की."

तेवढ्यात वहिनींचा कुकर नाही, फोन वाजला. बघितला, कट केला. ब्रोकर होता. आता तो पश्चिमेचं घर सुचवत होता, इथेच बदलापुरात. "रिव्हर व्ह्यू म्हणतोय. नदी दिसते म्हणे हॉलमधून."

"नदीला पण हॉल दिसतो," मी म्हटलं.

ह्यावर दोघीही थोडा वेळ बोललो नाही. २६ जुलै २००५ची रात्र आम्ही दोघींनी ह्याच भिंतीशी काढली आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, ते आकडे नंतर कळले. आम्हाला कळलं ते एवढंच, की उल्हास नदी पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, रमेशवाडीत शिरली आणि ओळखीची माणसं गच्चीवर आहेत. वहिनींच्या ओट्यावर त्या रात्री अकरा माणसं झोपली, आमच्याकडे नऊ. मग २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीच्या अलीकडे पाण्यात उभी राहिली. हजारभर माणसं बोटींनी काढली. तेव्हाही पश्चिमेच्या तळमजल्यांचे फ्रिज तरंगले होते. आता तिथल्या भिंती पुन्हा रंगवल्यात. रंग छान आहे. पण रंगाखाली पाण्याची रेघ आहे, आणि ती फक्त तिथे राहणाऱ्याला दिसते.

"पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात दोन रेषा असतात," मी म्हटलं. "निळी आणि लाल. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येतो तो पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. प्लॉट कुठल्या रेषेच्या आत येतो, ते विचारायचं."

"ब्रोकर सांगेल?"

"तो म्हणेल, 'आंटी, रेषा प्रस्तावित आहे.'"

वहिनी खळखळून हसल्या. आणि हसता हसताच मुद्द्यावर आल्या, कारण एवढा वेळ जे चाललं होतं ती नुसती प्रस्तावना होती. "काकू, एक विचारू? घर सुनेच्या एकटीच्या नावावर घ्यायचं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"मुलगाच. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. साठ लाखांचं घर, म्हणजे साठ हजार वाचतात. दोघांची नावं घातली तर सवलत नाही, बाईचंच हवं."

"मग घेऊ दे की."

"घेऊ दे हो. माझं काही नाही. पण ह्यांचं काय ते... ह्यांना वाटतं, डाउन पेमेंटला आपले फंडाचे पैसे..." वहिनींनी भिंतीवरच्या शेवग्याच्या पानांची उगीच रास केली.

मी म्हटलं, "वहिनी, तुमचा बंगला कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"आणि तीस वर्षं सांभाळला कुणी?"

"मीच."

"मग ह्या वेळी नाव आणि काम एकाच्याच वाट्याला येतंय. वर साठ हजार वाचतायत. त्यात दोन कपाटं होतील. पुरेशी खोल."

त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण पानांची रास त्यांनी मोडली. मग एकदम म्हणाल्या, "कागद ह्यांना सांगेन बघायला. पण जागा कशी कळते, काकू? शेजार कसा कळतो? तो काही महारेराच्या साइटवर नसतो."

"ज्याला कमिशन नाही त्याला विचारायचं. इस्त्रीवाल्याला विचारायचं, बिल्डिंगमध्ये भाडेकरू किती आणि घरमालक किती. त्याच्याकडे सगळ्यांचे कपडे येतात. रिक्षा स्टँडवर विचारायचं, रात्री दहानंतर तिकडे येता का. दूधवाल्याला विचारायचं, लिफ्ट बंद किती वेळा असते, पिशव्या घेऊन तोच चढतो. आणि एखाद्या बाईला विचारायचं, पाणी किती वाजता येतं. बाई पाण्याबद्दल खोटं बोलत नाही."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बोलला नव्हतात."

"काय?"

"आम्ही हा प्लॉट बघायला आलो तेव्हा. मे महिना होता. हे आणि तो जमीनवाला सात-बारा घेऊन उन्हात उभे. मला तहान लागली, मी तारेपाशी येऊन तुमच्याकडे पाणी मागितलं. तुम्ही तांब्या दिलात आणि म्हणालात, 'जपून प्या हो, पाणी एक दिवसाआड येतं. उन्हाळ्यात तेही नाही. लाइट जाते. साप निघतात. रात्री रिक्षा मिळत नाही.' सगळं एका दमात."

मला आठवलं. चांगलंच आठवलं. आणि इतक्या वर्षांत कबूल केलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"वहिनी, मी ते तुम्ही पळून जावं म्हणून सांगितलं होतं. तुमचा प्लॉट मोकळा राहिला तर माझ्या आंब्याला ऊन मिळालं असतं."

"ते कळलं होतं मला तेव्हाच."

"कळलं होतं?"

"मग! तोंड बघून कळतं. पण घरी गेल्यावर ह्यांना म्हटलं, दुसऱ्या तीन जागा बघितल्या, तिथे सगळे म्हणाले पाणी चोवीस तास. इथली बाई आपल्याला हाकलतेय, पण खरं सांगून हाकलतेय. हीच जागा घ्या."

आंब्याला अर्ध्या बाजूनं ऊन आजही कमीच मिळतं. फळ त्या अंगाला धरत नाही. मी काही बोलले नाही, गॅसकडे जायला वळले.

"काकू, बुधवारी मोकळ्या आहात का?" मागून वहिनी. "डोंबिवलीला जाऊन येऊ, दोघीच. जुन्या वस्तीत एक फ्लॅट आहे, लहान आहे, पण भोगवटा दाखला आहे म्हणतात. संध्याकाळी जाऊ."

"संध्याकाळी इथून डोंबिवलीला गाडी रिकामी असते, त्यात काय कळणार? आधी ठाण्याला जायचं, आणि तिथून साडेसातच्या गर्दीत उलटं डोंबिवलीला उतरायचं. सुनेसारखं."

"माझे गुडघे?"

"गुडघे घेऊनच यायचं. पिल्लूसाठी आठवड्यातून तीनदा तुम्हीच जाणार आहात तिथे. दहा मिनिटं तुमच्या गुडघ्यांनी मोजू."

वहिनींनी भिंतीवरचा शेवगा गोळा केला, अर्धा माझ्या बाजूला ठेवला. "येताना तांब्या घ्या हो," त्या म्हणाल्या. "मी पाणी मागायला जाईन."