पंच्याऐंशीला थरथर

आमची गाडी 2004 सालची. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत जाऊन, पर्यावरण कर भरून तिचं आयुष्य वाढवून आणलं. पुण्यात ती अजूनही शहाण्यासारखी वागते. साताऱ्याच्या रस्त्यालाही 60 ला शांत, 75 ला शांत. काटा 85 वर गेला रे गेला की स्टिअरिंग असं थरथरतं की मनगटावरचं घड्याळ वाचता येऊ नये. आणि तरीही पाय दाबून धरला तर 95 च्या पुढे पुन्हा सगळं गप्प. म्हणजे दुखणं काय ते 85 ते 95 एवढ्या पट्ट्यातच. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी यावर तत्काळ उपाय सांगितला : "मग 80 नेच चालव की!"

पण हे दुखणं दाखवायचं कुठे? पुण्यात 85 हा आकडा फक्त रिक्षाच्या मीटरवर दिसतो. गॅरेजवाल्याने ट्रायल घेतली ती गॅरेजपासून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत, 30 च्या वेगाने. परत आला तो वडापाव खात. "साहेब, मख्खन चालतीये."

सल्ल्यांना तोटा नव्हता. ऑफिसातले एक म्हणाले, इंजिन माउंटिंग गेलं. दुसरे म्हणाले, ड्राइव्ह शाफ्ट. मेव्हणा म्हणाला, ब्रेकची डिस्क वाकडी झाली. मला लवकरच कळलं की प्रत्येकाच्या गाडीत गेल्या वर्षी ज्याचं बिल झालं होतं, तेच आमच्या गाडीत बिघडलेलं असतं. काकांचं तर म्हणणं पेट्रोलच भेसळीचं. पण ते गेली काही वर्षं सगळ्याच बाबतीत असं म्हणतात.

मग सासुरवाडीच्या निमित्ताने कऱ्हाडच्या रस्त्यावर मीच तपास हाती घेतला. शिरवळच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा बघून 90 ला गाडी न्यूट्रल केली. "अहो, आता हे काय?" बायको म्हणाली. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर मात्र होती तशीच. म्हणजे माउंटिंग निर्दोष. शाफ्टचा आतला जॉइंट गेला असता तर ॲक्सिलरेटर दाबताना थरथर वाढली असती, सोडल्यावर कमी झाली असती, तेही नाही. हलका ब्रेक दाबला, तरी फरक नाही. डिस्कही सुटली. उरली चाकं.

टायरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू." ही दोन्ही कामं आपल्याकडे एका श्वासात सांगतात आणि एकाच बिलात लावतात. वास्तविक अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो; थरथर तिच्यामुळे सहसा होत नाही. थरथरीचा संबंध बॅलन्सिंगशी. 13 इंची रिमचं आमचं चाक 90 च्या वेगाला सेकंदाला साधारण 14 वेळा फिरतं. रिमच्या कडेला नुसता 25 ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगाला तो तीन किलोहून जास्त जोराने चाक ओढतो, आणि तेही सेकंदाला 14 वेळा. 45 च्या वेगाला हाच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून शहरात गाडी गुणी. आणि 95 नंतर गप्प का? झोपाळ्याला नेमक्या ठेक्यावर धक्का बसला तरच तो चढतो. सस्पेन्शनवर बसवलेल्या चाकाचाही असा एक ठेका असतो. तो ओलांडला की जोर वाढूनही थरथर उतरते. हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तेच तर मी म्हणालो, 80 ने चालव."

मशीनवर चाक फिरलं, शिशाचे तुकडे ठोकले, पडद्यावर दोन्हीकडे शून्य आलं. पैसे दिले. खेड शिवापूरच्या पुढे 85 ला स्टिअरिंग पुन्हा सुरू.

मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेतली आणि पुढच्या खेपेला सासऱ्यांना मागच्या सीटवर घेतलं. स्टिअरिंग स्वच्छ! मी खूश होऊन आरशात बघितलं तर सासरे चष्मा धरून बसले होते. "जावईबापू, ती आता इकडे आली." एवढं अचूक निदान कुठल्या गॅरेजने केलं नव्हतं. थरथर हाताला लागली तर चाक पुढचं, बुडाला लागली तर मागचं. सासऱ्यांनी नंतर "डावीकडे जरा जास्त" असंही नोंदवलं, पण तोपर्यंत ते डाव्या बाजूलाच बसले होते, म्हणून तो पुरावा मी ग्राह्य धरला नाही.

परतीच्या वाटेवर हायवेलगतच्या केरळी पंक्चरवाल्याने तो ग्राह्य धरला. त्याने डावं मागचं चाक जॅकवर उचललं, विटेवर हात टेकवून खडूचं टोक टायरच्या नक्षीपासून केसभर दूर धरलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. खडू कुठेच लागेना. मग एका जागी खर्रकन लागला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. वीतभर पट्ट्यात पांढरी रेघ उमटली. "आतला बेल्ट सुटला, सार," तो म्हणाला. आतल्या पोलादी तारांचा थर रबरापासून सुटला की टायर तेवढ्या जागी वर येतो. बॅलन्सिंगचं मशीन वजन मोजतं, आणि चाक हवेत फिरवून मोजतं. टायर गोल आहे की नाही हे साधं मशीन सांगत नाही. वजन बरोबर आणि आकार चूक, अशी माणसंही शून्य दाखवून सुटतातच.

हा टायर कधीही फुटू शकतो म्हणून लगेच स्टेपनी काढली. एकदम कोरी, नक्षीवरचे रबराचे केसही शाबूत. मी अभिमानाने पुढे केली. पंक्चरवाल्याने अंगठ्याने कडेची धूळ पुसली आणि आकडे वाचले : 1104. म्हणजे 2004 चा अकरावा आठवडा. बाजूला बारीक भेगांचं जाळं. टायर न फिरताही म्हातारा होतो; दहा वर्षांपुढे तो वापरू नये, असं टायर बनवणारेच सांगतात. तिच्यावर 40 च्या वर काटा न नेता कात्रज गाठलं. मागून येणारे ट्रकवाले काय म्हणत होते ते काच बंद असल्याने कळलं नाही. काका असते तर त्यांनी 40 चंही कौतुक केलं असतं. कात्रजला नवे टायर बसवले. आता 90 ला सासरे झोपतात.

तेव्हा वाचकहो, हे वाचून झालं की खाली जा, डिकी उघडा आणि स्टेपनीच्या कडेवरचे शेवटचे आकडे वाचा. चार असतील तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. आणि तीनच असतील, तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे. त्यावर कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाऊ नका.