गळती : पान पाचवर

ज्या इमारतींचा पहिला रंग उडून गेला आहे आणि दुसऱ्या रंगाचा ठराव सर्वसाधारण सभेत अडकून पडला आहे, अशा पुण्यातील बहुतेक सोसायट्यांमध्ये वॉशिंग मशीनच्या गळतीचे निदान करणारे एक निवृत्त गृहस्थ असतात. सर्व मजले त्यांना आप्पा म्हणतात. त्यांना बोलवावे लागत नाही. कामवाल्या मावशींनी "वहिनी, मशीनखाली पाणी आलंय" असे म्हटल्याचा सुगावा त्यांना जिन्यातच लागतो आणि पाचव्या मिनिटाला ते काखेत रद्दीचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहतात.

रद्दी हेच त्यांचे उपकरण होय. फरशीला उतार असल्याने पाणी जिथे दिसते तिथे ते पडलेले नसते, हा त्यांचा मूलभूत सिद्धान्त असून तो निर्विवाद बरोबर आहे. म्हणून मशीनच्या स्टँडखाली कोरडे वर्तमानपत्र पसरायचे आणि पहिला थेंब कोठे उमटतो ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत असते. पाने अंथरण्याचा क्रमही ठरलेला असतो. पुढच्या बाजूस, दाराखाली, पहिले पान येते. ते भिजले तर दोष गॅस्केटचा, म्हणजे दाराभोवतीच्या रबरी कड्याचा. उजव्या कोपऱ्यात छोट्या जाहिराती असतात, कारण फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप आणि त्याचा फिल्टर बहुधा तेथे असतो. डावीकडे, साबणाच्या खणाखाली, राशिभविष्य येते. मागे, पाणी आणणाऱ्या व सोडणाऱ्या नळ्यांखाली, क्रीडा पान असते. मधोमध अग्रलेख. तो भिजला तर ड्रमच्या दांड्याभोवतीचे सील गेले असे समजायचे आणि मोठ्या खर्चाची तयारी ठेवायची. मात्र अग्रलेख सहसा कोरडाच असतो, असे आप्पा सांगतात आणि हे विधान ते केवळ मशीनपुरते करत नाहीत.

निदानाची भाषाही यावरूनच सिद्ध झाली आहे. "तुमची गळती पान पाचवर, वधू पाहिजेखाली" असे ऐकून नव्याने राहायला आलेले भाडेकरू गोंधळतात, परंतु जुने सभासद निमूटपणे फिल्टरचे झाकण घट्ट करतात. एका घरी राशिभविष्य भिजले, तेव्हा आप्पांनी प्रथम मकर राशीचे 'अनावश्यक खर्च टाळा' हे भाकीत मोठ्याने वाचून दाखवले, मग हाताने कपडे धुण्याची पावडर मशीनमध्ये वापरल्यामुळे फेस अनावर होऊन खणातून उतू जात असल्याचे सिद्ध केले. त्या घरच्या वहिनींची रास मकर निघाल्याने आप्पांची कीर्ती दोन इमारती ओलांडून गेली. दुसऱ्या घरी पहिले पान भिजले असता त्यांनी गॅस्केटची घडी बोटांनी उलटी केली, तेव्हा आतील करड्या, बुळबुळीत गाळातून दहा रुपयांचे नाणे, केसांची पिन आणि रबरात अडकून बसलेला ब्लाउजचा हुक बाहेर आला. हुकाने रबराला पाडलेली चीर तांदळाच्या दाण्याहून लहान होती.

पद्धतीचा दोष एवढाच की, पाने अंथरून झाली की आप्पा ती वाचू लागतात. गळती कोठे होते यापेक्षा ती कधी होते हे महत्त्वाचे, असे त्यांचे दुसरे सूत्र आहे : पाणी भरताना गळले तर दोष आणणाऱ्या नळीकडचा किंवा खणाचा, उपसताना गळले तर पंपाचा किंवा सोडणाऱ्या नळीचा. ते ठरवण्यासाठी धुण्याची फेरी आरंभापासून अंतापर्यंत पाहावी लागते आणि तिला सव्वा-दीड तास लागतो. या काळात दोनदा चहा होतो, जुन्या अपघातांवर नव्याने हळहळ व्यक्त होते, निकाल लागलेल्या निवडणुकांचे अंदाज वर्तवले जातात आणि शब्दकोड्यातील आडवा सहा घरच्या मुलांना विचारला जातो. अशा वेळी घरातील मंडळींना गळती परवडली असे वाटल्यास त्यांना दोष देता येत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. पगारी मेकॅनिकला दिवसात अनेक घरे उरकायची असतात. तो दार उघडतो, "गॅस्केट गेलंय" म्हणतो, नवे बसवतो आणि जातो, गळती मात्र राहते, कारण मागच्या नळीची पकड सैल असते आणि ती केवळ पाणी उपसतानाच गळते. संपूर्ण फेरी बसून पाहणारा माणूस कोणत्याही दराने मिळत नाही. आप्पांची हयात कालव्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात गेली. तेथे गळती मोजून तिचा तक्ता वर पाठवणे एवढेच त्यांच्या हाती होते, ती थांबवण्याचा अधिकार नव्हता. निवृत्तीनंतर त्यांना तो मिळाला, भले पकड घट्ट करण्यापुरता का होईना.

त्यांचा मुलगा म्युनिकला असतो. त्याच्याकडील मशीन गळू लागले, तेव्हा व्हिडिओ कॉलवर आप्पांनी पहिली सूचना केली ती कागद पसरण्याची. परंतु त्या घरात बातम्या फोनवरच येत असल्याने अखेर नातीची चित्रे अंथरण्यात आली. फोन मशीनसमोर टेकवून मुलगा आपल्या मीटिंगला गेला आणि पुढील तासभर आप्पा, मशीन आणि मध्येच येऊन कोणता प्राणी कोण हे समजावणारी नात असे तिघेच राहिले. गळती हत्तीच्या शेपटीखाली, म्हणजे पाणी सोडणाऱ्या नळीशी सापडली.

मुलाने मात्र पुढच्याच आठवड्यात नवे मशीन घेतले. ते कळताच आप्पांनी किंमत विचारली नाही, फेरी किती वेळाची हे विचारले. वीज वाचवणारी फेरी तीन तासांहून अधिक चालते असे उत्तर आले. तीच लावत जा, विजेची बचत होते, असा सल्ला त्यांनी दिला आणि रविवारी ती साधारण किती वाजता लावली जाईल हेही विचारून घेतले.