लाल दिव्याची गाडी

आपल्या मुलाने लाल दिव्याच्या गाडीतून फिरावं, असं बाबांना फार वाटायचं. लोकसेवा आयोगाला तसं वाटलं नाही. पुढे २०१७च्या १ मेपासून मंत्र्यासंत्र्यांच्याच गाड्यांवरचे दिवे उतरले आणि घरातली ही चर्चा जरा थंडावली. आता मात्र आमच्या गाडीला लाल दिवा आहे. टपावर नव्हे, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘प्रोटेक्ट’ लिहिलंय.

हा दिवा अँप्लिफायरचा. “मामा, कंपनीच्या स्पीकरला बेसच नाही,” असं टुमणं भाच्याने लावलं, तेव्हा सीटखाली अँप आला आणि डिकीत वूफर. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘२००० वॉट’. गाणं सुरू व्हायचं, रंगायचं, आणि बेसचा पहिला दणका बसला रे बसला की आवाज गुल, लाल दिवा हजर. स्टिरिओ बंद करून पुन्हा लावला की स्वारी मानपान झालेल्या जावयासारखी खूश. पुढच्या दणक्यापर्यंत.

गाडीचं बॉनेट उघडलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञ कुठून उगवतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. एकाने बॅटरी बदलायला सांगितली. दुसऱ्याने “चायना माल” एवढंच म्हणून मान हलवली आणि तो दूध आणायला गेला. ज्याने अँप बसवला त्या दुकानदाराचं निदान सगळ्यात महाग होतं : “साहेब, हा हलका पडतोय. मोठा टाकू.” ज्याला आहे तेवढा करंट पुरत नाही, त्याच्या जागी आणखी खाणारा आणायचा, हा उपाय धंदा म्हणून उत्तमच. बायकोचं मत सरळ होतं. “अहो, त्याला गप्प बसायचंय तर बसू द्या की! घरात निदान कुणीतरी बसतंय.”

पण खरा सिद्धांत बाबांचा. त्यांच्या लक्षात आलं की अभंग लावले तर अँप तासन् तास चालतो आणि भाच्याचं डीजे लागलं की बंद पडतो. “यंत्राला कळतं, तुम्हाला कळत नाही,” असं ते मागच्या सीटवरून भाच्याला ऐकवायचे. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत हा सिद्धांत टिकला. मग एका अभंगात पखवाज आला, बाबांनी स्वतःच आवाज वाढवायला लावला, आणि ऐन रंगात लाल दिवा. आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत मागच्या सीटवरून शब्द नाही.

गंमत म्हणजे बाबांचं निरीक्षण बिनचूक होतं. चूक फक्त अँपला भक्तिमार्गी ठरवण्यात होती. टाळ-वीणेला करंट थोडा लागतो. बेसचा दणका एकदम ओढून घेतो, आणि वाटेत कुठे तार बारीक किंवा जोड कच्चा असेल तर अँपपर्यंत पोचेतो व्होल्टेज ढासळतं. ते साधारण दहाच्या खाली गेलं की बरेचसे अँप स्वतःला वाचवायला बंद होतात.

हे कळलं सोसायटीतल्या एका काकांमुळे. उभा जन्म रेडिओदुरुस्तीत गेलेला माणूस. ते मल्टिमीटर घेऊन आले आणि म्हणाले, “मतं नकोत, आकडे सांग.” आधी त्यांनी स्पीकरच्या तारा सोडवून अँप चालू केला. लाल दिवा लागला नाही, म्हणजे अँप आतून शाबूत. मग तारा जोडल्या, इंजिन चालू ठेवलं आणि दणक्याचं गाणं लावलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. अँपवर, ऐन ठोक्याला, ९.८. लाल तारेत हरवत होतं अवघं ०.३. मग मीटरची एक पिन अँपच्या निगेटिव्हला, दुसरी लांब तारेने बॅटरीच्या निगेटिव्हला. काट्याचा जुना मीटर तो. प्रत्येक ठोक्याला काटा चारवर उडी मारायचा. काकांनी सीटखाली हात घालून अर्थिंगचा बोल्ट चाचपला आणि झटकन मागे घेतला. “तापलाय बघ!”

बोल्ट काढला. खाली कंपनीचा गुळगुळीत, चकचकीत रंग, जराही ओरखडा नसलेला. अर्थिंगची तार पत्र्याला नव्हे, रंगाला चिकटवलेली. दुकानातल्या पोराला विचारलं, तर तो दुखावलाच. “नवीकोरी गाडी साहेब, रंग कशाला खरवडायचा?” माझ्या गाडीची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

सँडपेपरने रुपयाएवढा पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. ठोक्याला आता अँपवर १३.६. लाल दिवा गेला.

तुमचा अँप असाच बंद पडत असेल तर नवा घेण्याआधी तो बोल्ट काढून बघा. आणि घ्यायचाच झाला तर खोक्यावरचे वॉट वाचू नका, फ्यूज वाचा. आमच्या ‘२००० वॉट’वाल्याला २० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे १४ व्होल्टला तो ओढणार फार तर ५६० वॉट, आणि त्यातलेही निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाणार. राहिलेल्या तीनशेत आमच्या गाडीची नंबरप्लेट व्यवस्थित थरथरते.