कमळटाक्याचे गुरुजी

दवनीवाड्यासारख्या गावात निवृत्त गुरुजींचे प्रकार ठरलेले असतात. एक पोथीला लागतो, एक ग्रामपंचायतीच्या मागे लागतो आणि तिसरा अंगणात सिमेंटचं टाकं बांधून त्यात कमळ लावतो. पहिल्या दोघांचा जाच गावाला होतो. तिसऱ्याचा फक्त घरच्यांना, म्हणून गाव त्याच्याकडे जरा प्रेमाने बघतं.

खरं तर गोंदिया जिल्ह्यात पाणी बघायला कुणी टाकं बांधावं, हीच मौज आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून निघालेला हा जिल्हा मालगुजारी तलावांचा आहे. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी उतार पाहून पाळी घातल्या, पाणी अडवलं आणि त्यावर धान पिकवलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना नाव पडलं ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, शिवाय शेताशेतांत बोड्या, म्हणजे छोटी तळी. त्यात शेवाळ असतं, शिंगाडा असतो, बेशरम असते, म्हशीही असतात. कुणाची काही तक्रार नसते.

गुरुजींची असते. त्यांनी नागपूरच्या एका हॉटेलात निळ्या फरशीचं कारंजं पाहिलेलं असतं. तळाला पडलेलं नाणं वरून वाचता आलं पाहिजे, असं पाणी त्यांना हवं असतं. ते टाक्याला ‘लिली पॉन्ड’ म्हणतात. गाव ‘गुरुजींची बोडी’ म्हणतं.

टाकं भरल्यावर थोडे दिवस नाणं दिसतं. मग ऊन तापतं, पाणी आधी पोपटी आणि मग कोथिंबिरीच्या चटणीसारखं होतं. हे साधं हिरवं पाणी. डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशी शैवालांची ती गर्दी. ती ओसरली की खरा शत्रू येतो. काठाला, कमळाच्या देठाला, नळाच्या तोंडाला तंतूंचे झुबके लटकू लागतात. दिवसा त्यांच्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकतात आणि अख्खी गोधडी वर तरंगते. शेजारी म्हणतो, “शेवाळ जालं जी.” गुरुजी म्हणतात, “नुसतं शेवाळ नव्हे. इकडे ये, हात घाल.” आणि ते तिथल्या तिथे प्रात्यक्षिक घेतात. तंतू चिमटीत धरून चोळायचे. सुळकन निसटले तर स्पायरोगायरा, खरखरीत लागले तर क्लॅडोफोरा. शेजाऱ्याला बैल पाजायचे असतात. त्याला दोन्ही सारखेच वाटतात.

गुरुजींची लढाई तीन आघाड्यांवर चालते आणि तिन्ही वेळा ते घाईने जिंकायला जातात.

पहिला उपाय, टाकं रिकामं करून खराट्याने घासणं. मोटर लागते, नातवंडं लागतात, अंगणात चिखल होतो, आणि बोअरचं ताजं पाणी भरल्यावर थोड्याच दिवसांत ते आधीपेक्षा जास्त हिरवं होतं. याचं कारण साधं आहे. नव्या पाण्यासोबत नवे क्षार येतात. आणि जुन्या पाण्यात एकपेशी शैवाल खाऊन जगणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव असतात, ते मोरीतून वाहून जातात. म्हणजे राखणदार हाकलून गुरुजी कोठार भरून ठेवतात.

दुसरा उपाय मोरचूद. तांबं शैवाल मारतं, हे खोटं नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्येच तसं छापून ठेवलं. पण तेच तांबं माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. शिवाय मेलेलं शैवाल कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि प्राणवायू सगळ्यात कमी असतो पहाटे. म्हणून गुरुजी तांब्या घेऊन बाहेर येतात तेव्हा टाक्यात सोडलेली रोहूची पिल्लं वर तोंड काढून आ वासत असतात. आरोग्य खात्याकडून डासांसाठी आणलेले गप्पी तेवढे तगून असतात. गप्पीला काहीही चालतं.

तिसरा उपाय गुरुजींना मोबाइलवर सापडतो. इंग्लंडात म्हणे बार्लीचं काड पाण्यात टाकतात. ते कुजताना त्यातून जे काही सुटतं, त्याने नवं शैवाल वाढत नाही. तिथल्या पाणतणांच्या संशोधकांनी यावर बरंच कामही केलं आहे. बार्ली दवनीवाड्यात कुठून येणार? पण धानाची तणीस तर गावभर पडलेली! आणि हे सगळंच हवेतलं नाही. धानाच्या काडाच्या अर्काने मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शैवाल रोखलं जातं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. फक्त मात्रा मूठभर असते, तीही जाळीत सैल बांधून, वाहत्या पाण्यात. गुरुजी अख्खा भारा बुडवतात. मे महिन्याच्या उन्हात पाण्याला चहाचा रंग येतो आणि वास येतो तो थेट रस्त्यापर्यंत.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट गुरुजी कधीच बंद करत नाहीत. रोज सकाळी राइस मिलमधून आणलेला कोंडा माशांना घालणं. कोंडा स्वस्त आहे, मासे तुटून पडतात, नातवंडं टाळ्या वाजवतात. पण कोंड्यात फॉस्फरस भरपूर. माशांनी खाल्लेला बराचसा आणि न खाल्लेला सगळा शेवटी पाण्यातच उतरतो. त्यात शेजारच्या बाया श्रद्धेने निर्माल्य आणून टाकतात, कारण कमळाचं टाकं म्हटलं की ते देवाचंच. बांधापलीकडच्या धानाला दिलेल्या डीएपीचं पाणी पावसात आपसूक येतं. कॅनडात ऑन्टॅरियोमध्ये डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेला तो फोटो जगभर गाजला. गुरुजींनी तो पाहिलेला आहे, शेजाऱ्याला समजावूनही सांगितलेला आहे, डाव्या हातात कोंड्याचं टमरेल धरून.

गंमत अशी की पलीकडच्या बोडीत ढिवर भाऊ मुद्दाम पाणी हिरवं करत असतो. मत्स्यबीज सोडण्याआधी तो शेण घालतो, सुपर फॉस्फेट घालतो, आणि मग कोपरापर्यंत हात बुडवून बघतो. तळवा अंधूक दिसला की पाणी बेस. स्वच्छ दिसला तर माशाला खायला काही नाही. अगदीच दिसेनासा झाला तर जास्त झालं. इटलीच्या अँजेलो सेक्की या पाद्रीशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून पांढरी थाळी सोडून समुद्राची पारदर्शकता मोजली होती, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. हे कळल्यावर गुरुजींनी स्वयंपाकघरातली स्टीलची थाळी रंगवून दोरीला बांधली. ढिवराने आपला हात वापरणं चालू ठेवलं. त्याच्या घरची थाळी जेवायला लागते.

गुरुजींचा एकच प्रयोग खरोखर लागू पडतो, आणि तो त्यांनी फार मनावर घेतलेला नसतो. अर्जुनी मोरगावच्या भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटून काढली आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ते ऐकून गुरुजी कुठल्याशा तलावातून हायड्रिलाचा एक पुंजका पिशवीत घालून आणतात आणि कोपऱ्यात सोडून देतात. पाण्याखालची ती वनस्पती शेवाळाच्या तोंडचा घास पळवते. कमळाची पानं निम्मं पाणी झाकतात, खाली ऊन पोचत नाही. गुरुजी तोवर आजारी वगैरे पडलेले असल्याने कोंडाही चुकतो. महिनाभरात नाणं दिसू लागतं.

बांबूच्या काडीवर शेवाळ गुंडाळून काढण्याचं काम या काळात गुरुजींच्या सौभाग्यवती करतात. गोळा रात्रभर काठावर ठेवायचा, म्हणजे त्यातले बेडकाचे डिंभ आणि बारीक किडे पाण्यात परततात. सकाळी तोच गोळा वांग्याच्या बुडाशी. अख्ख्या गावात त्यांची वांगी नावाजलेली आहेत. शेवाळाची बाजू घेणारी घरात ही एकच व्यक्ती, पण तिला कुणी विचारत नाही.

आता पाणी नितळ आहे म्हटल्यावर माणसाने गप्प बसावं. पण उठून हिंडू-फिरू लागलेले गुरुजी शेवाळाचा कायमचा बंदोबस्त करायला गवत्या मासा आणतात, कारण नावातच गवत आहे. गवत्या चोखंदळ निघतो. तो आधी हायड्रिला संपवतो. मग कमळाची कोवळी पानं. दुसरं काही उरलं नाही तरच तो तंतुमय शेवाळाकडे वळतो. इकडे कोंडा पुन्हा सुरू झालेला असतो, तोही गवत्या खातो आणि दिसामासाने नव्हे, दिवसागणिक वाढतो. पाणी पुन्हा हिरवं. त्या हिरव्या पाण्यात एक भलंमोठं काळसर धूड संथपणे फेऱ्या मारतं.

ढिवर भाऊ कुंपणावरून ते बघतो. गुरुजी त्याला यंदा अल्ट्राव्हायोलेट दिवा बसवणार असल्याचं सांगतात. त्या दिव्याने हिरवं पाणी निवळतं, तंतूंचं शेवाळ मात्र जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतात. भाऊ सगळं ऐकून घेतो. मग विचारतो, “का जी गुरुजी, मासा इकता का?”

गुरुजी संतापतात. टाकं शोभेचं आहे, बाजाराचं नाही, एवढंही कळत नाही का, म्हणून त्याला झापतात. तो हसत जायला निघतो. तो रस्त्याला लागायच्या आत गुरुजी कुंपणापाशी येऊन हाळी देतात, “अरे, पण भाव काय चालू आहे?”