अजून जरा खाली

दक्षिण कॅलिफोर्नियात नोकरी संपत आलेल्या किंवा नुकत्याच संपलेल्या पुरुषांत एक जात आढळते. रस्त्याने एखादी देखणी जुनी गाडी गेली की बाकीचे तिचा रंग बघतात, चालवणाऱ्याचा हेवा करतात. हे गृहस्थ गाडी बघतच नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि गाडीखालची पोकळी बघतात. टायर आणि मडगार्डच्या मधून उजेड किती येतो, नाक झुकलंय का, पोट रस्त्यापासून किती वर आहे. मग कण्हत सरळ होतात आणि निकाल देतात, "गाडी झकास. पण बसली नाहीये."

स्वतः मात्र ते मिनीव्हॅन चालवतात, कारण बसक्या गाडीतून बाहेर पडायला आता गुडघे राजी नाहीत. तरुणपणी आपल्याकडे रस्त्याला चाटून जाणारी हॉट रॉड होती, असं ते सांगतात. ती सासऱ्यांची स्टेशन वॅगन होती आणि मागे वाळूची पोती टाकून खाली बसवली होती, असं त्यांची बायको सांगते.

त्यांचा खरा संसार गॅरेजातल्या टेबलावर. तिथे १/२५ मापाच्या मॉडेलांचे खोके रचलेले असतात आणि त्यातलं दैवत एकच, १९३२ची फोर्ड. त्या वर्षी हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलं, ६५ अश्वशक्तीचं. पुढे या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर पोरांनी मडगार्डं काढून फेकली आणि म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर त्या पिटाळायला सुरुवात केली. याच त्या हॉट रॉड. या धुमाकुळाला शिस्त लावायला १९३७मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. तेव्हा गाडी खाली आणण्यात काही हशील होतं. वारा कमी अडायचा, वळणावर गाडी कमी कलंडायची. सॅन दिएगोत एड स्टुअर्ट फोर्डचे पुढचे अ‍ॅक्सल तापवून, ओढून द्यायचा आणि गाडीचं नाक खाली यायचं.

आमच्या गृहस्थांची गाडी कपाटातून टेबलावर आणि टेबलावरून कपाटात एवढाच प्रवास करते. वाऱ्याचा प्रश्न कुणी पंखा लावला तरच. पण इंचांत कसूर नाही. या मापात खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. त्यामुळे रात्री जेवताना ते गंभीरपणे म्हणू शकतात, "आज पुढून चार इंच उतरवली." आणि बायको चष्मा लावून बघायला गेली की तिला काहीही फरक दिसत नाही. तसं ती बोलून दाखवत नाही. एकदा बोलली होती, तेव्हा 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बघण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

खोका उघडल्यावर पहिलं काम म्हणजे जोडणीचा कागद बाजूला फेकणं. मग पुढचा अ‍ॅक्सल. काडेपेटीतल्या काडीएवढा तुकडा, त्याच्या दोन टोकांना चाकं धरणारे ठिपक्याएवढे खुंट. वस्तऱ्यासारख्या पातळ करवतीने हे खुंट कापायचे आणि एक मिलिमीटर वर नेऊन चिकटवायचे. खुंट वर गेला की गाडी तेवढी खाली. मग कमानपाटा. प्लॅस्टिकमध्ये कोरलेल्या त्याच्या पात्यांपैकी दोन कानशीने घासून टाकायची. श्वास रोखून, चिमट्यात धरून, डोळ्याला भिंग लावून हे चालू असताना खुंट टुणकन उडतो. गॅरेजात काळोख्या कोपऱ्यांना तोटा नाही. गृहस्थ टॉर्च घेऊन पालथे पडतात, गाल फरशीला टेकवून फ्रीजखाली बघतात. त्यांनी आयुष्यात जे जे खाली आणलं त्यात सगळ्यात खाली तेच आलेले असतात.

मागची बाजू उतरवायची तर दाराच्या मागे चेसिस कापून शेपटाकडचा भाग पायरीसारखा वर उचलायचा. इथून पुढे एक काम दुसऱ्याला बोलावतं. चेसिस उचलली की मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा फरशी फोडून आत येतो. त्यासाठी फरशीत बोगदा काढला की सीट वर सरकते. सीट वर सरकली की ड्रायव्हरचं डोकं टपाला लागतं, कारण टपही दिसायला बरा म्हणून आधीच तीन मिलिमीटर कापलेला. खोक्यात ड्रायव्हर नसतोच. पण नसलेल्या माणसाचं डोकं आपटेल या काळजीने हे गृहस्थ दोन रात्री झोपत नाहीत.

एवढं करून गाडी काचेवर ठेवली की एक चाक अधांतरी. प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची. जिथे कागद सरकतो ते चाक अपराधी. ते चाक खाली यावं म्हणून समोरच्या बाजूला पॉलिशपेपर मारायचा. मग दुसरं चाक उचललं जातं. दोन मांजरांच्या लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडासारखा हा न्याय चालतो, फक्त इथे शेवटी लोणी कुणाच्याच पोटात जात नाही.

कायद्याला मात्र ते मानतात. चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली लोंबता कामा नये, नाहीतर पंक्चर झाल्यावर पोट रस्त्यावर घासेल, हा हॉट रॉडवाल्यांचा जुना दंडक. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातही कलम २४००८ तेच सांगत होतं. राज्याने ते २०२४पासून काढून टाकलं. आमच्या टेबलावर ते अजून लागू आहे. टायर भरीव रबराचे, पंक्चर व्हायला आत हवाच नाही, तरी ऑइल पॅन अर्धा मिलिमीटर खाली लोंबलं म्हणून कापलं जातं.

मित्रही याच वकुबाचे. एकाने बत्तीसच्या फोर्डची बॉडी चेसिसवर उतरवून ठेवली, म्हणजे 'चॅनल' केली. गाडी खाली आली, पण चेसिसच्या बाजूवरची ती सुबक रेघ झाकली गेली, आणि बत्तीसच्या मॉडेलवर लोक मरतात ते त्या रेघेवर. "पूर्वेकडच्या लोकांचं काम," एवढंच म्हणून गृहस्थ घरी आले. पूर्व किनाऱ्यावर तशी फॅशन होती हे खरं, पण मित्र इथल्याच पासाडेनाचा. सहा मिलिमीटरवरून दोघांचं महिनाभर बोलणं बंद.

रंगाचा विषय काढू नये. कपाटातल्या सगळ्या गाड्या करड्या प्रायमरमध्ये आहेत, कारण बसणं पक्कं झाल्याशिवाय रंग नाही आणि बसणं पक्कं होत नाही.

पूर्ण झालेली गाडी एकच. नातवाच्या वाढदिवसाला कागद वाचून, जशीच्या तशी जोडलेली, लालभडक. नातू ती दिवाणखान्याच्या गालिच्यावरून भन्नाट पळवतो. परवा त्याने आजोबांच्या नकळत करड्या गाड्यांपैकी सगळ्यात बसकी गाडी काढली आणि गालिच्यावर सोडली. चाकं फिरली, गाडी हलेना. सूनबाई धास्तावल्या, मुलगा खेकसला. गृहस्थ धावत आले, पालथे पडले, एक डोळा मिटून गाडीखाली बघितलं.

"टेकली!" ते ओरडले. "अगं, बाहेर ये आधी, पोट टेकलंय!"